आक्का पाण्यात उतरल्या तेव्हा

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीत चष्म्याच्या दुकानात होते. नवी फ्रेम डोळ्यांवर चढवून आरशात बघत होते, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. आक्कांच्या शेजारच्या वैशाली होत्या. "बाई, असाल तशा या. आक्का उठवून उठंनात." मी तशीच बाहेर पळाले. रिक्षात बसतेय तोवर दुकानातला माणूस मागून धावत आला, तेव्हा ध्यानात आलं की त्यांची फ्रेम माझ्या नाकावरच आहे. घरी पोचले तर आक्का सोप्यात जमिनीवर निजलेल्या, उशाला कुणीतरी चादरीची घडी दिलेली. शेजारी परातीत निम्म्या निवडलेल्या गवारीच्या शेंगा. दारातल्या दोरीवर त्यांनी स्वतःच्या हातांनी वाळत घातलेले पोहायचे कपडे होते आणि त्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. सकाळीच तर आम्ही दोघी पोहून, हसत-बोलत तलावाबाहेर पडलो होतो…

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. कधीही, कुठेही, खुर्चीत बसल्या बसल्याही झालं असतं म्हणाले. आता दीड महिना होत आला. भेटायला येणारी माणसं बसतात, चहा घेतात, आणि उठता उठता आवाज खाली आणून विचारतात, "पाण्यात जात होत्या म्हणून झालं का हो हे?" एक लांबच्या नणंद तर म्हणाल्या, "ह्या वयात नसते उद्योग!" दुःखाच्या घरात वाद कुठे घालायचा? पण त्या पाण्यानं आक्कांचं काय केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते कुणीतरी सांगायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर आजऱ्याकडचं. घरात भात आणि काजू, आणि अंगणाच्या खाली विहीर. पाठीला पांगाऱ्याचा हलका, तरंगणारा ओंडका बांधून भावांनी त्यांना त्या विहिरीत ढकललं, तेव्हा त्या जेमतेम शाळेत जायला लागल्या होत्या. पुढे ओंडका सुटला आणि मग नदीच्या डोहात त्या भावांच्याही पुढे जाऊ लागल्या. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि ते सगळं संपलं. मी एकदा विचारलं होतं, "घरच्यांनी नको म्हटलं का?" तर म्हणाल्या, "कुणी नगं म्हणालं न्हाई गं. पर हितं सुनंनं पवायचं कुठं?" विषय संपला. आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तसं आक्काही 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या, आणि तेही असं खणखणीत की त्यांनी दारातून हाक मारली तर गल्लीच्या टोकाला वळलेला दूधवाला मागे फिरायचा. मी शहरातली, मास्तरांच्या घरातली, शाळेत भूगोल शिकवणारी. त्या घरात नवी आले तेव्हा मला त्या आवाजाची भीतीच वाटायची. पुढे त्या आवाजाशिवाय घर घरासारखं वाटेना.

थोरले दीर साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. ते गेले आणि आक्कांचा आवाजच गेला. रडारड नाही, तक्रार नाही. उंबऱ्याजवळच्या खुर्चीत बसायच्या. रस्त्याकडे तोंड असायचं, पण रस्ता बघत नसायच्या. मी डबा घेऊन गेले की "ठेव तितं" एवढंच. संध्याकाळी जाऊन बघावं तर डबा तसाच. दोन वर्षं अशी गेली. गुडघे धरले, अंग सुटलं. त्यांचा एकुलता मुलगा अभिजित इंग्लंडमध्ये हाडांचा डॉक्टर आहे. त्याच्या जिवाला तिकडे घोर. शेवटी त्यानं ठरवलं की आईला उन्हाळ्यापुरतं आपल्याकडे आणायचं, आणि परत गेल्यावर पुण्याजवळच्या एका चांगल्या वृद्धनिवासात ठेवायचं. नर्स आहे, बाग आहे, वेळेवर जेवण आहे. कोल्हापूरचं घर बंद करायचं. आक्का म्हणाल्या, "तुमी म्हंशीला तसं." मला त्या 'तुमी म्हंशीला तसं'चंच वाईट वाटलं. ज्या बाईनं भाजीवाल्याला कधी तसं म्हटलं नाही, ती स्वतःच्या घराबद्दल असं म्हणत होती.

त्यांना एकटीला विमानात बसवणं शक्य नव्हतं, म्हणून सोबतीला मी गेले. अभिजितचं गाव दक्षिण किनाऱ्यावरचं, लहानसं. नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना आपला गवगवा झालेला आवडणार नाही. विलायत म्हणून आपण जे डोळ्यांपुढे आणतो त्यातलं तिथे काही नव्हतं. पांढऱ्या रंगाची नीटस घरं, कात्रीनं कापल्यासारखी कुंपणं, समुद्राच्या कडेनं फुलांचे वाफे. किनाऱ्यावर वाळूऐवजी गुळगुळीत गोटे आणि कपडे बदलायच्या रंगवलेल्या लाकडी खोल्यांची रांग. गाव जवळजवळ सगळं पेन्शनरांचं. बसमधून उतरताना म्हातारी माणसं ड्रायव्हरला थँक्यू म्हणायची, कुत्रीसुद्धा हळू भुंकायची. चहाच्या दुकानात बशीवर कप ठेवल्याचा आवाज झाला तर चार माना वळायच्या. पहिल्या आठवड्यात आक्कांनी मला विचारलं, "सुमन, ह्या गावात कुणी कुणासंगं भांडत न्हाई व्हय गं?" मी म्हटलं, "दिसत नाही खरं." तर सुस्कारा टाकून म्हणाल्या, "मग दिस कसा जातोय ह्यांचा?"

अभिजित दवाखान्यात, सूनबाई प्राची शाळेत शिकवायला, नात दुसऱ्या शहरात कॉलेजात. दिवसभर आम्ही दोघीच. मी हट्टानं त्यांना रोज समुद्रावर न्यायचे. तिथे ओळीनं बाक होते आणि प्रत्येक बाकावर एक पितळी पट्टी, गेलेल्या माणसाच्या नावाची. अमुक यांच्या आठवणीसाठी, त्यांना ही जागा फार आवडायची… असं काहीबाही कोरलेलं. आक्का मला ते वाचायला लावायच्या. मी वाचून मराठीत सांगितलं की म्हणायच्या, "माणूस गेल्यावर दुसऱ्याला बसाया जागा करत्यात. बरं हाय." त्यांना एक ठरावीक बाक आवडायचा, पाण्याच्या अगदी समोरचा. इंग्लंडच्या उन्हाळ्यात शाल पांघरून आम्ही तिथे बसायचो. तिथूनच त्या एकदा आजऱ्याच्या भावाशी फोनवर बोलत होत्या, तेव्हा मी हळूच म्हटलं, "आक्का, जरा हळू. लोक बघतायत." फोनवर हात ठेवून त्या मला म्हणाल्या, "आजरा काय हितं हाय व्हय? लांब हाय की!" किती दिवसांनी त्या अशा फटकन बोलल्या होत्या. मला हसूही आलं आणि बरंही वाटलं.

त्याच बाकावरून एका सकाळी आम्हाला त्या बायका दिसल्या. पाच-सहा जणी, सगळ्यांचे केस पांढरे, अंगात लांब झगे. झगे काढले तर आत पोहायचे कपडे. त्यांतली एक पाठीत वाकलेली, काठी टेकत गोट्यांवरून पाण्याकडे निघाली. आक्का ताठ बसल्या. "अगं बया, ही म्हातारी जीव द्याया चाललीया का काय?" त्या बाईनं पाण्याच्या कडेला काठी गोट्यांत रोवली आणि आत गेली. गुडघे, कंबर… आणि मग सरळ पोहायला लागली. आक्का उठून उभ्या राहिल्या. त्या बायका बाहेर येईपर्यंत खाली बसल्या नाहीत.

मग रोज तोच कार्यक्रम. घरातून निघायची घाई आता त्याच करायच्या. बाकावर बसून त्या बायकांचं पोहणं तपासायच्या. "ती निळ्या टोपीवाली बरी हाय. ही दुसरी नुसतंच पाणी बडवतीया." एक दिवस ती काठीवाली बाई अंग पुसून, झगा घालून थेट आमच्याकडे आली. मला वाटलं, आता आपण टक लावून बघतो म्हणून बोलणार. पण तिनं नाव सांगितलं, मार्गारेट. पूर्वी वाचनालयात काम करायची. आमच्या बाकावरच्या पट्टीकडे बोट करून म्हणाली, हा माझा नवरा. तुम्ही रोज याच्याजवळ येऊन बसता, मला छान वाटतं. मी आक्कांना ते सांगितलं. त्या झटकन बाजूला झाल्या, जणू कुणाच्या मांडीवर बसलेल्या. मग पट्टीवर हात ठेवून अगदी मनापासून म्हणाल्या, "पावणं, माफ करा. वळख नव्हती." मार्गारेटनं मला अर्थ विचारला. मी सांगितला. ती खूप हसली, मग डोळे पुसले, मग परत हसली. आक्कांनी पिशवीतून आजऱ्याचे काजू काढून तिच्या ओंजळीत घातले आणि मला म्हणाल्या, "इचार की तिला, पाणी कसं हाय."

मार्गारेट म्हणाली, पाण्याबद्दल सांगता येत नाही, उद्या आत या.

रात्री घरात आम्ही अभिजित-प्राचीला यातलं काही सांगितलं नाही. सकाळी आक्का प्राचीची जुनी सलवार आणि अभिजितचा ढगळा टी-शर्ट घालून, वर शाल गुंडाळून तयार. मी नको नको म्हणत मागे. मार्गारेटनं त्यांच्यासाठी रबरी बूट आणले होते. दोघी एकमेकींचा दंड धरून गोट्यांवरून निघाल्या. एकीचा गुडघा दुखरा, दुसरीची पाठ वाकलेली. पाणी आक्कांच्या घोट्याला लागलं, आणि त्या शांत, सभ्य, कुजबुजत्या गावात असा आवाज उठला की फुलांच्या वाफ्यांत काम करणारा माळी उभा राहिला. "आगं आया आया गंऽऽऽ!" कुत्री भुंकली. कुणाच्या तरी हातातून वर्तमानपत्र पडलं. मी शरमेनं शालीत तोंड घातलं. वर बघते तर त्या सगळ्या गोऱ्या म्हाताऱ्या पोटं धरून हसतायत आणि आक्का… आक्का पाण्यात होत्या. आधी थोडं चाचपडल्या. मग एका कुशीवर झाल्या, विहिरीत शिकलेले ते लांब हात बाहेर आले आणि त्या सरळ रेषेत निघाल्या. अंग विसरलंच नव्हतं. मला पोहता येत नव्हतं, मी किनाऱ्यावर नुसती हाका मारत होते. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. ओठ निळे, दात वाजतायत. मार्गारेटनं त्यांच्या अंगावर स्वतःचा झगा टाकला, थर्मासमधला चहा हातात दिला. मी घाबरून विचारलं, "आक्का, बरं वाटतंय ना?" त्या म्हणाल्या, "भूक लागलीया. घरात काय हाय?"

दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून जेवायला मागितलं होतं. त्या दिवशी मी पिठलं-भात केला आणि त्यांनी दोनदा वाढून घेतला.

अभिजितला अर्थातच कळलं, त्या गावात काय लपणार. दवाखान्यातल्या कुणीतरीच त्याला सांगितलं की तुमच्या आईंचा आवाज ऐकला. तो घरी आला तो पांढराफटक. "आई, तुला कल्पना आहे का? अशा थंड पाण्यात हृदय बंद पडतं. मी डॉक्टर आहे, मी बघितलंय." मग माझ्याकडे वळून, "काकू, निदान तुम्ही तरी…" त्याचं चुकत नव्हतं. बाप गेला तेव्हा तो वेळेवर पोचू शकला नव्हता, ते भय त्याच्या आवाजात होतं. आक्कांनी त्याला बोलू दिलं. तो थांबल्यावर म्हणाल्या, "आरं, तुझं बाबा गेल्यापासनं मी जित्ता हाय का न्हाई, ह्येच मला कळंना झालतं. त्या पाण्यात पाय घाटला आन् कळलं. तू तपास माझं काळीज, काय मशीन लावायची ती लाव. पर मला जाऊ दे." त्यानं खरोखरच त्यांच्या सगळ्या तपासण्या करवून घेतल्या. मग अटी घातल्या. खोल जायचं नाही, एकटीनं जायचं नाही, थोड्या वेळात बाहेर यायचं. पहिली अट आक्कांनी कधी पाळली नाही.

पुढच्या रविवारी तो स्वतः किनाऱ्यावर आला. जाकिटाच्या खिशात हात घालून, तोंड घट्ट मिटून उभा. पाण्यात शिरताना आता आक्काच नव्हे, सगळ्याच जणी ओरडत होत्या. मार्गारेट त्याला म्हणाली, तुझी आई येण्याआधी आम्ही वर्षानुवर्षं गुपचूप कुडकुडत आत जायचो, ओरडलं की थंडी कमी लागते हे तिनं शिकवलं. आक्का बाहेर आल्या तेव्हा टॉवेल धरून अभिजितच पुढे गेला आणि लहान पोराचे पुसावेत तसे त्यानं आईचे केस पुसले.

निघायच्या आधी जेवताना आक्कांनी सांगून टाकलं, "मी पुण्याला जाणार न्हाई." अभिजितनं विचारलं, "मग एकटी काय करणार आहेस तिकडे?" त्या म्हणाल्या, "बघतो की." तोच जुना आवाज होता. प्राचीनं ताटावरून वर बघितलं आणि मला डोळ्यांनी विचारलं, ह्या अशाच होत्या का पूर्वी? मी मान हलवली.

कोल्हापुरात परतल्यावर त्यांनी दोन दिवस झोप काढली आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन जलतरण तलावावर गेल्या. तिथल्या गृहस्थांनी अदबीनं सांगितलं की आजी, बायकांची वेळ आहे, पण तिथे शाळा-कॉलेजच्या मुली शिकायला येतात. आक्का म्हणाल्या, "मग आमी काय शिकवाया आलोय व्हय? आमी बी पवायलाच आलोय." त्यांना आत सोडलं. थोड्या दिवसांनी वैशाली आल्या, मग एक निवृत्त नर्स, मग तिची मावसबहीण. त्या तिघींनाही पोहता येत नव्हतं, आणि चौथी मी. साठी उलटल्यावर मी पाण्याला पाठ टेकली ती आक्कांच्या दोन तळहातांवर. मी सगळं अंग लाकडासारखं आवळलेलं. "ढिली पड, ढिली पड. शाळा सुटलीया तुजी, आता कुणाला भितीस?" असं खेकसायच्या. एका सकाळी मी वर आभाळ बघत पडले होते, एक घार हळूहळू फिरत होती, मला फार शांत वाटत होतं… आणि आक्कांचा आवाज लांबून, पार दुसऱ्या कडेवरून आला, "सुमन, कशी पडलीयास बघ की म्हाराणीसारखी!" हात कधीच काढले होते त्यांनी.

ही शेवटची साडेतीन वर्षं अशी गेली. गुडघे दुखायचे, पण त्यांचं बोलणं त्यात नसायचं. आम्ही जोतिबाला गेलो, आजऱ्याला जाऊन त्यांची विहीर बघून आलो. विहिरीवर आता जाळी आहे, त्याबद्दल भाच्याला त्यांनी दिवसभर ऐकवलं. रविवारी मार्गारेटचा व्हिडिओ कॉल यायचा. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या, मी मध्ये पडले तर दोघींनाही आवडायचं नाही. म्हणून मला विचारणाऱ्यांना मला सांगायचंय, की हो, आक्का शेवटच्या दिवशीही पोहल्या. खूप पोहल्या, आणि घरी येऊन गवार निवडायला बसल्या.

दिवसकार्य झालं, अभिजित आणि प्राची परत गेले. तलावावरून निरोप आला, तुमची बॅच चालू ठेवायची का? आम्ही चौघी गेलो. कडेला उभ्या राहिलो, कुणीच आत उतरेना. पहिली उडी नेहमी आक्कांचीच असायची. पाणी नुसतं हलत होतं. शेवटी वैशाली म्हणाल्या, "बाई, तुम्हीच आता." मी नाक धरलं आणि उतरले. मग बाकीच्या आल्या. दुसऱ्या दिवशीही सगळ्या हजर होत्या, आणि तिसऱ्या दिवशी नर्सबाईंनी आपल्या थोरल्या बहिणीला आणलं.

परवा दुपारी मी भाकऱ्या करत होते, तेव्हा अभिजितचा फोन आला. तव्यावरची भाकरी उतरवून, गॅस बंद करून फोन घेतला. पलीकडे आधी नुसताच वारा आणि पक्ष्यांचा कालवा. मग त्याचा आवाज, दात वाजत असलेला. "काकू… मार्गारेटबाईंनी घरी येऊन हाताला धरून आणलं. मी आत्ता आत जाऊन आलो." डॉक्टर झाल्यापासून हा मुलगा आमच्याशी पुस्तकासारखं मराठी बोलतो. पण पुढचं वाक्य आलं ते सरळ गल्लीतलं, "लई गार हाय वो पाणी!" आणि तो हसला. हसता हसता थांबला. आईला अग्नी देताना, पाहुण्यांना निरोप देताना, घराच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवताना तो एकदाही रडला नव्हता. आता रडत होता, मोकळा, मोठ्यानं. मागे त्या म्हाताऱ्यांचे आवाज येत होते, कुणीतरी त्याला चहा घे म्हणत होतं. त्यानं नाक ओढलं आणि म्हणाला, "काकू, आहात ना?"

मी आयुष्यभर वर्गात शुद्ध बोलले. पण तोंडातून आलं ते असं,

"बोल की, बाळा. हाय मी हितं."